झाड शेंड्याकडून वाळतंय? शेंडेमर रोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंडेमरीबद्दल विचारणारे बहुतेक जण थेट औषधाचं नाव विचारतात. औषधांचा भाग इथे आहे, पण तो मुद्दाम बराच खाली ठेवला आहे. वाळतो तो शेंडा. दुखणं मात्र बहुतेक वेळा बुंध्यात, मुळांत किंवा मातीत असतं. ते न शोधता केलेली फवारणी वाया जाते आणि तेवढ्या दिवसांत झाड आणखी खालपर्यंत वाळतं. म्हणून आधी झाड नीट बघा, मग औषधाकडे या.

शेंडेमर म्हणजे नेमकं काय?

फांदीचं टोक आधी मरतं आणि मग वाळणं हळूहळू खाली, जाड फांदीकडे आणि पुढे खोडाकडे सरकतं. यालाच शेंडेमर, फांदीमर किंवा डायबॅक म्हणतात. हा एकच एक रोग नाही. बुरशी, जिवाणू, खोड पोखरणारी कीड, मुळांशी तुंबलेलं पाणी, लांबलेला दुष्काळ, जमिनीतले क्षार, एखाद्या मूलद्रव्याची कमतरता, यांपैकी कशानेही हे लक्षण दिसू शकतं. आंबा, संत्रा, मोसंबी, कडुनिंब, शिसम, कोको, युरोपातला ॲश, ऑस्ट्रेलियातला जर्राह, घरच्या कुंडीतला गुलाब आणि वाफ्यातली मिरची, या सगळ्यांत तो आढळतो. कारणं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी.

सुरुवात कशी ओळखायची?

पूर्ण वाळलेली फांदी कुणालाही दिसते, पण तोवर एखादा हंगाम हातचा गेलेला असतो. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. नवी पालवी नेहमीपेक्षा लहान आणि फिकट येते. पेरांमधलं अंतर कमी होतं, म्हणजे फांदी वर्षभरात जेमतेम बोटभर वाढलेली असते. झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तर पूर्वी जिथे दाट सावली होती तिथून आकाश दिसायला लागतं. फळझाडावर कधी कधी याच काळात फुलांचा आणि फळांचा भार नेहमीपेक्षा जास्त येतो, आणि मालक खूश होतो. अवेळी आलेला असा बहर खचत चाललेल्या झाडाचा असू शकतो, तेव्हा मुळं आणि बुंधा तपासूनच घ्या.

शंका आली की टोकाची एक डहाळी धरा आणि नखाने साल हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर ती जागा जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर मेलेली. असं वीतभर अंतराने खरवडत खाली या. एका ठिकाणी मेलेलं संपतं आणि हिरवं सुरू होतं. या सीमेवरची साल धारदार चाकूने पातळ काढून बघा, कारण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. सीमारेषा ठळक, गडद असेल, तिच्याखाली साल किंचित फुगलेली आणि लाकूड स्वच्छ असेल, तर झाडाने आडकाठी घातली आहे आणि वाळणं तिथे थांबलं आहे. सीमा पुसट असेल, तपकिरी ओघळ सालीखालून हिरव्या भागात पुढे घुसलेले असतील, तर रोग अजून चालतो आहे. फांदी आडवी कापली तर अनेकदा लाकडात पाचरीच्या आकाराचा तपकिरी डाग दिसतो. खालच्या कापात ही पाचर जिथे दिसेनाशी होते, तिथेच रोगाची हद्द संपते.

खालच्या आणि आतल्या काड्या वाळतात, तोही शेंडेमर का?

बहुधा नाही. सावलीत राहिलेल्या आतल्या फांद्या झाड स्वतःच सोडून देतं. ऊन मिळणारी, बाहेरची, वरची टोकं वाळत असतील तरच काळजी करा.

मर रोग आणि शेंडेमर यांत फरक काय?

वेगाचा आणि क्रमाचा. मर रोगात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पानं हिरवी असतानाच माना टाकतात आणि अख्खं झाड किंवा एखादी मोठी फांदी काही दिवसांत, काही आठवड्यांत जाते. शेंडेमरीत टोकापासून खाली असा क्रम असतो आणि तो एक-दोन हंगामांपासून कित्येक वर्षांपर्यंत चालू शकतो. काही रोग या दोन्हींच्या मध्ये बसतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ओमान आणि पाकिस्तानातल्या आंब्याच्या बागांना ग्रासणारा रोग तसाच आहे. सेराटोसिस्टिस ही बुरशी आणि सालीत शिरणारा बारीक भुंगेरा अशी जोडी त्यामागे आहे. आधी एखादी फांदी वाळते, सालीतून डिंक ओघळतो आणि मग झाड झपाट्याने बसतं.

दुखणं खाली असेल तर टोकच आधी का वाळतं?

पाणी मुळांकडून पानांपर्यंत लाकडातल्या बारीक नळ्यांमधून ओढलं जातं. मुळांपासून सर्वांत लांब आणि सर्वांत उंच असलेल्या टोकाला हा ताण सगळ्यात जास्त असतो. तंतूमुळं कमी झाली किंवा माती कोरडी पडली की नळ्यांमधली पाण्याची धार तुटते, त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि ती नळी निकामी होते. मग टोकाला पाणी पोचत नाही. झाडही जेवढी मुळं उरली तेवढाच पसारा सांभाळतं आणि बाकीचा सोडून देतं.

यात बुरशी कुठून आली, असा पुढचा प्रश्न असतो. पुष्कळदा ती आधीपासून आतच असते. बोट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरश्या, उदाहरणार्थ आंब्याच्या फांद्या वाळवणारी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी, निरोगी दिसणाऱ्या फांदीत काहीही अपाय न करता दीर्घकाळ राहू शकतात. झाडावर पाण्याचा किंवा उन्हाचा ताण पडला की त्या उठतात. म्हणूनच वाळक्या फांदीवर बुरशी सापडली, प्रयोगशाळेने तिचं नाव कळवलं, एवढ्यावर निदान झालं असं समजू नका. ती बुरशी आताच का उठली, हे शोधायचं उरतंच.

मग खरं कारण शोधायचं कसं?

अमेरिकी वृक्षरोगतज्ज्ञ पॉल मॅनियन यांनी १९८१ साली झाडांच्या ऱ्हासाची कारणं तीन थरांत मांडली. पहिला थर झाडाला आतून कमजोर करतो: चुकीची जमीन, दाबून घट्ट झालेली माती, उतारवय, न मानवणारं हवामान. दुसरा थर धक्का देतो: एखादं दुष्काळी वर्ष, पानं फस्त करणाऱ्या अळ्यांची लाट, मुळं तोडणारं खोदकाम. तिसरा थर शेवटचा घाव घालतो: फांद्या वाळवणारी बुरशी, खोडकिडा, मूळकूज. आपल्याला नेमका हा तिसरा थर दिसतो आणि आपण त्याच्यावरच तुटून पडतो. आजही झाडाकडे बघण्याची याहून उपयोगी रीत मला माहीत नाही.

प्रत्यक्षात असं करा. आधी लांबून बघा. एकच झाड वाळतंय की ओळच्या ओळ? फक्त सखल भागातली झाडं की चढावरचीही? एकाच जातीची की शेजारची वेगळी झुडपंसुद्धा? वेगवेगळ्या जातींची झाडं एकाच पट्ट्यात एकाच वेळी वाळत असतील तर कारण बहुधा माती, पाणी किंवा तणनाशक. एकच जात गावभर वाळत असेल तर संशय रोगजंतूवर किंवा किडीवर. झाडाची एकच बाजू वाळत असेल तर त्या बाजूच्या मुळांवर काय गुदरलं ते बघा: चर खणला का, फरशी बसवली का, वाहनं उभी राहतात का.

मग मागे जा. गेल्या महिन्यात काय झालं एवढंच आठवून चालत नाही. मोठ्या झाडावर दुष्काळाचा किंवा मुळं तुटण्याचा परिणाम एक-दोन, कधी कधी त्याहून जास्त वर्षांनी दिसतो. भिंतीसाठी पाया खणला त्या वर्षी झाड हिरवंगार असतं, म्हणून त्या खोदकामाचा कुणाला संशयही येत नाही.

शेवटी बुंध्याशी बसा. निरोगी बुंधा जमिनीला टेकतो तिथे रुंदावतो. खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला तर वर मातीचा भराव पडला आहे आणि बुंध्याची साल आत कुजत असू शकते. माती हाताने बाजूला करून बघा. सालीवर डिंकाचे ओघळ, काळपट ओले डाग, बारीक छिद्रं, भुसा किंवा जाळीसारखी चिकटलेली विष्ठा आहे का पाहा. फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल खणून तंतूमुळं काढा. जिवंत तंतूमुळं पांढरट आणि चिवट असतात. कुजलेली काळपट असतात, आणि चिमटीत धरून ओढली तर वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. हा दोरा दिसला की फवारणीचा विचार बाजूला ठेवून पाण्याच्या निचऱ्याकडे बघा.

पाणी कमी पडल्याने होतं की जास्त झाल्याने?

दोन्हींनी, आणि लक्षणं जवळपास सारखीच दिसतात. म्हणूनच तुंबलेल्या पाण्याने गुदमरलेल्या झाडाला लोक आणखी पाणी देतात. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्यांमध्ये पाणी भरलं की तंतूमुळं मरतात, आणि मग पाण्यात उभं असलेलं झाडही तहानेने वाळतं. उत्तर भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि बांगलादेशात शिसमाची झाडं मोठ्या प्रमाणात वाळली, तेव्हा अभ्यासकांनी बुरश्यांबरोबर पाणथळ जमिनीकडेही बोट दाखवलं. शिसम मूळचा नदीकाठच्या वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीतला. त्याला घट्ट, पाणी धरणारी माती मानवत नाही.

उपाय वाफशाचा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटाने टोचल्यावर फुटावा, अशा अवस्थेत ती बहुतेक काळ राहिली पाहिजे. बुंध्याला पाणी लागू देऊ नका. आळं बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराजवळ करा, आणि बुंध्याभोवती मातीचा उंचवटा ठेवायचा तर तो साल झाकेल असा नको. तंतूमुळांचा मोठा भाग वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतो आणि घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरतो, तेव्हा बुंध्याशी ओतलेल्या पाण्याचा झाडाला फारसा उपयोगही नसतो.

फायटोप्थोरा म्हणजे काय? त्याचं नाव सारखं ऐकू येतं.

तो बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. शैवालांच्या नात्यातल्या पाणबुरशींत तो मोडतो. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहतात आणि तंतूमुळांच्या टोकांपर्यंत पोचतात, म्हणून साचलेलं पाणी त्याला सगळ्यात सोयीचं. लिंबूवर्गीय झाडांमधला डिंक्या आणि मूळकूज हेही या गणातल्या जातींचंच काम.

याची सगळ्यात मोठी आणि दुःखद गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियातली आहे. तिथल्या जर्राह या निलगिरीच्या भाईबंद वृक्षांची जंगलं १९२० च्या दशकापासून तुकड्या-तुकड्यांनी मरत होती. कारण १९६० च्या दशकात पक्कं झालं: फायटोप्थोरा सिनॅमोमी, ज्याचं पहिलं वर्णन १९२२ साली सुमात्रामधल्या दालचिनीच्या झाडांवरून झालं होतं. रस्ते करताना वापरलेली माती-खडी आणि वाहनांच्या चाकांचा चिखल यांनी तो जंगलभर नेला. त्या भागातल्या सुमारे ४० टक्के देशी वनस्पती त्याला बळी पडू शकतात. जर्राहबरोबर खालची बँक्सियाची झुडपं जातात, त्यांच्या मधावर जगणारे लहान प्राणी आणि पक्षी उघड्यावर पडतात. एका चिखलाच्या ढेकळाने एवढं होतं, हे कळल्यावर बूट झटकल्याशिवाय बागेत पाऊल टाकवत नाही.

न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांवर याच गणातली फायटोप्थोरा अगॅथिडिसिडा ही जात आली. तिला हे नाव २०१५ मध्ये मिळालं. बुंध्याशी राळ ओघळते, माथा विरळ होतो आणि शेकडो वर्षांचं झाड मरतं. २०१७ च्या अखेरीस तिथल्या ते कावेराउ आ माकी या माओरी समूहाने वायटाकेरे डोंगररांगांतल्या जंगलात जाण्यावर पारंपरिक बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी प्रशासनानेही वाटा बंद केल्या. जंगलाच्या तोंडाशी बूट घासण्याचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं. रोग संपवणारं औषध नाही, पण पाय धुता येतात, आणि तिथले लोक ते मनापासून करतात.

हवेतून पसरणारे प्रकारही आहेत का?

आहेत. युरोपातला ॲश डायबॅक त्यातला सर्वांत गाजलेला. १९९२ मध्ये पोलंडमध्ये झाडं वाळताना दिसली. बुरशी ओळखली गेली ती २००६ मध्ये. आज तिचं नाव हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस. ब्रिटनमध्ये ती २०१२ साली सापडली. मूळची ती पूर्व आशियातली. तिथल्या मांचुरियन ॲशबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिल्याने त्या झाडाचं फारसं बिघडवत नाही. युरोपातल्या ॲशला मात्र तिची ओळखच नव्हती.

तिचं चक्र बघण्यासारखं आहे. ती पानातून शिरते, देठातून फांदीत उतरते आणि फांदीच्या जोडाशी चौकटच्या आकाराचा खोलगट डाग पाडते. गळलेल्या पानांचे देठ जमिनीवर पडून काळे पडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या देठांवर काही मिलिमीटर आकाराच्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांतून सुटलेले बीजाणू वारा कित्येक किलोमीटर नेतो. उभ्या जंगलात याला फवारणीचा व्यवहार्य उपाय नाही. थोडीच झाडं जन्मतःच काटक असतात, आणि पुढचा ॲश त्यांच्या बियांतून येईल या आशेवर तिथे काम चालू आहे. म्हणून रोगट पट्ट्यात हिरवं राहिलेलं झाड सरसकट तोडू नये, हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पावसाळ्यात कडुनिंब अचानक वाळल्यासारखा दिसतो. तो मेला का?

बहुधा नाही. फोमॉप्सिस अझाडिरॅक्टी या बुरशीने होणारा कडुनिंबाचा शेंडेमर पावसाच्या दिवसांत जोर धरतो. कोवळी टोकं तांबूस-तपकिरी होतात आणि झाड जळाल्यासारखं दिसतं. २०२१ मध्ये तेलंगणात आणि आसपास तो इतका पसरला की लोक घाबरून गेले. टी मॉस्किटो बग हा रस शोषणारा ढेकण्या कोवळ्या शेंड्यांना डसतो आणि बुरशीची वाट मोकळी करतो, असंही अनेक ठिकाणी आढळलं. पण मोठा कडुनिंब बहुतेक वेळा पुढे पुन्हा पालवतो. लहान रोपं आणि वर्षामागून वर्षं मार खाल्लेली झाडं मात्र खचतात, आणि फळं कुजल्याने बी कमी मिळतं. झाड वाळलं म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी नखाने खरवडा आणि नव्या पालवीची वाट बघा.

किडीमुळे शेंडेमर होतो का?

होतो. खोडकिडा किंवा साल खाणारी अळी फांदीभोवती फिरून साल कुरतडते, तिच्या पुढचा भाग वाळतो. अशा वेळी छिद्रं आणि भुसा दिसतोच. तार घालून अळी काढणं आणि छिद्र बंद करणं हा जुना उपाय अजूनही चालतो.

कधी हे प्रकरण बरंच गुंतागुंतीचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू इंग्लंड पठारावर १९७० आणि ८० च्या दशकांत कुरणांमधले निलगिरी वृक्ष मोठ्या संख्येने वाळले. जंगल तोडून खत घातलेली कुरणं केली होती. भुंगेऱ्यांच्या अळ्या त्या गवताच्या मुळांवर पोसल्या, आणि प्रौढ भुंगेरे उरलेल्या मोजक्या झाडांची पानं वारंवार फस्त करत राहिले. त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यालगत बेल मायनर नावाचा पक्षी आपल्या हद्दीतून बाकीचे कीटकभक्षी पक्षी हुसकावतो. मग पानांवरची सायला कीड मोकाट वाढते आणि झाडाचा माथा वाळतो. अशा ठिकाणी एकेका झाडावर औषध मारून काय होणार?

खत कमी पडल्याने फांद्या वाळतात का?

क्वचित, पण हो. लिंबूवर्गीय झाडांत तांब्याची कमतरता झाली तर सालीखाली डिंकाच्या पिशव्या तयार होतात आणि टोकं वाळतात. जुन्या लिखाणात यालाच डायबॅक म्हटलेलं सापडतं. ताम्रयुक्त फवारण्या सर्रास होतात तिथे ही कमतरता दिसत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त मिळेनासं होतं आणि झाड वर्षानुवर्षं खंगतं. खारट पाण्याने पानांच्या कडा जळतात, मग टोकं जातात.

आजारी झाडाला भरपूर युरिया देऊन उठवायचा मोह मात्र आवरा. नत्राने कोवळी, पाणचट फूट येते. ती पोसायला मुळं नसतात, आणि ती फूट कीड-रोगांना आयतीच मिळते. चांगलं कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन (बुंध्यापासून वीतभर लांब) आणि मातीला हवा, एवढं आधी द्या.

वाळलेली फांदी कुठे कापायची?

सीमा सापडली आहे ना? तिच्याखाली, निरोगी लाकडात वीतभर आत येऊन कापा. काप घेतल्यावर लाकडात तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली या. पूर्ण फांदी काढायची असेल तर ती खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापा. कडं छाटू नका आणि खुंटाही लांब सोडू नका. खुंटा पुन्हा वाळतो आणि रोगाला आत नेतो. दिवस कोरडा निवडा. पावसात केलेली छाटणी बुरशीच्या पथ्यावर पडते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री-करवतीचं पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

झाड जखम भरून काढत नाही, ती आत बंदिस्त करतं. अमेरिकेतले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्यांच्याच कामातून हेही कळलं की कापावर फासलेला साधा रंग किंवा डांबर कुजणं थांबवत नाही. बोर्डो पेस्टची गोष्ट वेगळी, कारण ती झाकण नसून बुरशीनाशक आहे. बुरशीचा जोर असलेल्या बागेत मोठ्या कापावर ती लावावी.

बोर्डो मिश्रण आणि पेस्ट कशी करतात?

फ्रान्समधल्या बोर्डो परिसरातल्या द्राक्षबागांतून १८८५ च्या सुमारास पुढे आलेलं हे मिश्रण आजही टिकून आहे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात विरघळवतात, मग दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळतात. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची हवीत, लोखंडाची नाहीत. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई किंवा चाकू बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. पेस्टसाठी तेच १ किलो आणि १ किलो, पण एकूण पाणी १० लिटर. दोन्ही त्याच दिवशी संपवा. कोवळ्या पालवीवर आणि फुलोऱ्यात मिश्रण मारू नका.

तयार बुरशीनाशकं चालतात का?

कारण बुरशी आहे हे कळलं असेल आणि वाळकी सल (मेलेल्या काड्या-फांद्या) काढून झाली असेल, तर चालतात. सल तशीच ठेवून मारलेलं औषध फांदीच्या आत पोचत नाही. छाटणीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणी नवे काप वाचवते. फायटोप्थोरावर साध्या बुरशीनाशकांचा उपयोग नसतो, त्यासाठी मेटॅलॅक्झिल, फोसेटिल किंवा फॉस्फाईट गटातली औषधं लागतात. ऑस्ट्रेलियात फॉस्फाईट खोडात टोचतात किंवा पानांवर फवारतात. त्याने मातीतला रोगजंतू संपत नाही, झाडाची झुंज देण्याची ताकद काही काळ वाढते आणि मग ते पुन्हा द्यावं लागतं. मात्रा डब्यावरच्या सूचनेप्रमाणे आणि त्या पिकासाठी मंजूर असेल तेच औषध, यात तडजोड नको.

गुलाबाची फांदी छाटलेल्या टोकापासून काळी पडत येते. काय करू?

डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) वर जास्त खुंटी ठेवली की हे घडतं. काळ्या भागाच्या बोट-दोन बोटं खाली, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडंसं वर, तिरका काप घ्या. गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत खाली येत राहा. कापावर ताम्रयुक्त औषधाची पेस्ट लावा. बोथट कात्रीने चिरडलेलं टोक हमखास वाळतं, म्हणून कात्रीला धार हवीच. कुंडीतली मुळं दाटलेली असतील तर छाटणीबरोबर कुंडीही बदला.

मिरचीचे शेंडे वाळतात, तोही हाच रोग का?

नाव तेच, रोगजंतू वेगळा. कोलेटोट्रिकम बुरशीने मिरचीची फांदी टोकाकडून वाळत येते, पांढुरकी-करडी होते आणि तिच्यावर काळे ठिपके दिसतात. तीच बुरशी पिकल्या फळांवर खोलगट, वर्तुळाकार डाग पाडते. ती बियांतूनही येते, म्हणून डागाळलेल्या फळांचं बी धरू नका. बीजप्रक्रिया करा, रोगट काड्या शेतात गाडू नका आणि त्याच जागी लागोपाठ मिरची, वांगी, टोमॅटो घेऊ नका.

कापलेल्या फांद्यांचं काय करायचं?

झाडाखाली ढीग लावून ठेवू नका. वाळक्या सालीवर बुरशीचे बारीक काळे दाणे असतात. पाऊस पडला की त्यांतून बीजाणू उडतात. जाळण्याची परवानगी असेल तिथे जाळा, नाहीतर खोल पुरा. खोडकिडा किंवा भुंगेरा असलेलं लाकूड सरपण म्हणूनही दुसऱ्या गावी नेऊ नका.

झाड वाचेल की तोडावं लागेल?

माथ्याचा एक तृतीयांशपर्यंत भाग गेला असेल, बुंध्याची साल शाबूत असेल आणि तंतूमुळं पांढरी असतील, तर वाचण्याची आशा चांगली. अर्ध्याहून जास्त माथा वाळला, खोडाभोवती निम्म्याहून अधिक साल मेली, तर अवघड. खोडावर खाली पाणसोटांचे (सरळ वर जाणाऱ्या कोवळ्या फुटींचे) झुबके फुटले तर लोकांना झाड सावरल्यासारखं वाटतं. ते उरल्यासुरल्या साठ्यावर फुटलेले असतात, आणि ते पुढच्या हंगामात टिकले तरच आशा धरावी. निष्कर्षाला पूर्ण एक वर्ष द्या.

जुन्या, प्रचंड झाडांचं गणित निराळं. शतकं पाहिलेले ओकसारखे वृक्ष वरचा माथा सोडून खाली नवा, आटोपशीर माथा तयार करतात. हरणाच्या शिंगांसारखी वाळकी टोकं वर आणि खाली भरगच्च हिरवा पसारा, अशी झाडं आणखी कित्येक दशकं जगतात. त्या वाळक्या फांद्यांच्या ढोलींत पक्षी आणि वटवाघळं राहतात. खाली माणसांची ये-जा नसेल तर त्या काढण्याची काही गरज नाही.

रस्त्यावर, घरावर, शाळेच्या आवारावर झुकलेलं झाड असेल तर मात्र उशीर करू नका. वाळलेलं लाकूड ठिसूळ होतं. ॲश डायबॅक झालेलं झाड तोडताना ते कधी कुठून तुटेल याचा भरवसा नसतो. अशा झाडावर कुणालाही चढवू नका. यंत्रसामग्री असलेले जाणकार बोलवा.

त्याच जागी नवं झाड लावलं तर चालेल का?

कारण कळलं असेल तर. मूळकुजीने झाड गेलं असेल तर जुनी मुळं शक्य तितकी खणून काढा, खड्डा काही काळ उघडा तापू द्या, निचरा सुधारा आणि शक्यतो वेगळ्या कुळातलं झाड निवडा. रोप घेताना पिशवीतून काढून मुळं बघायचा आग्रह धरा: काळपट, वास येणारी किंवा गोल-गोल वेटोळी झालेली मुळं असतील तर रोप परत करा. लावताना बुंध्याचा रुंद भाग मातीच्या वर राहू द्या. कलम असेल तर जोड जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा, आणि पहिला पाऊस पडून माती खाली बसल्यावर तो जोड झाकला गेला नाही ना, हे पुन्हा एकदा जाऊन बघा.